कुलपाची फाइल

"मनकर्णाबाई, खरं सांगा, तुमीच पुसलं ना?" विभागप्रमुख महादेवराव भरल्या लॅबमध्ये गरजले.

मनकर्णाची कानशिलं तापली. तिच्यासमोर वनस्पतिशास्त्राचे पुंडलिकराव रिकाम्या ब्राउझरकडे बघत बसले होते. कपाशीच्या रोगांवरचे बुकमार्क त्यांनी चार वर्षं एकेक करून जमवले होते. आज त्यातला एकही उरला नव्हता.

पुलगावच्या त्या कॉलेजात ती अकरा वर्षं लॅब सहायक होती. लॅबच्या संगणकांवरची लिनक्स प्रणाली चाचपडत स्वतःच शिकलेली. प्रत्येकाचं होम फोल्डर, म्हणजे त्याच्या फायलींचा कप्पा, एकाच सर्व्हरवर होतं, त्यामुळे कुठेही बसलं तरी आपल्या फायली समोर यायच्या. गोची होती ब्राउझरची. बुकमार्क, पासवर्ड, सगळं ज्यात राहतं ते ज्याचं त्याचं प्रोफाइलही सगळ्या यंत्रांना मिळून एकच. एका यंत्रावर ब्राउझर उघडा राहिला की एक छोटी फाइल तयार होऊन प्रोफाइलला कुलूप लागायचं आणि दुसऱ्या यंत्रावर तो उघडायचाच नाही. पोरं कुरकुरली, तशी महादेवरावांनी भिंतीवर सूचना डकवली : कुलपाची फाइल पुसा आणि काम सुरू करा.

"सर, दोन यंत्रं एकाच वक्ती एकाच फायलीत लिहितीन. सारा सत्यानाश होईन. मी हरेक यंत्राचं प्रोफाइल अलग करून देते," मनकर्णानं तेव्हाच सांगितलं होतं. मग लेखीही दिलं होतं.

"तुमचं काम हजेरी घ्याचं," एवढंच उत्तर मिळालं होतं.

आता ती ताठ उभी राहिली. "मी नाई पुसलं, सर. तुमच्या सूचनेनं पुसलं."

पुंडलिकरावांनी मान वर करून भिंतीवरच्या सूचनेकडे पाहिलं.

"दुपारपर्यंत माफीनामा पायजे," महादेवराव म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

तिनं एक पान लिहिलं. कोणत्या तारखेला काय सांगितलं, कुलूप पुसल्यावर पुंडलिकरावांचा ब्राउझर कोणत्या दोन यंत्रांवर एकाच वेळी उघडा राहिला, सगळं. त्यात माफीचा शब्द नव्हता. ऑफिसात जाऊन तिनं कागद टेबलावर आपटला.

"आवक नंबर टाका, नत्थूभाऊ."

कारकून नत्थू बाबूनं वाचलं. "काऊन अंगावर घेता, बाई?"

"घेऊन नाई राह्यली. अंगावरचं उतरवून राह्यली."

परत येऊन, कुणाला न विचारता, तिनं प्रत्येक यंत्राचं वेगळं प्रोफाइल करून टाकलं. रागात दोनदा आज्ञा चुकीची टाइप झाली.

पुंडलिकराव अजून तिथेच होते. "कुठं नकल असंन का, बाई?"

"नाई, सर."

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून कागद काढला आणि आठवतील त्या संकेतस्थळांची नावं लिहायला घेतली. मनकर्णानं शेजारी स्टूल ओढलं. ते नाव सांगायचे, ती शोधायची. पाच वाजेपर्यंत नऊ बुकमार्क परत सापडले.

महादेवराव दारात येऊन उभे राहिले. दोघांपैकी कुणीही जागचं उठलं नाही.

"पुढचं सांगा, सर," मनकर्णा म्हणाली.