नामा सुताराची पाटी

"म्हंजी, सुतार काढून टाकलंस?" बानं विचारलं.

नेमणुकीचा कागद मी त्याला वाचून दाखवत होतो. चौक गावच्या शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून मला नेमलं होतं. नावापाशी मी जरा घाई केली होती, पण बाचे कान तयार होते. कागदावर लिहिलं होतं, 'नागेश नामदेव दहिवलीकर'. वास्तविक मी नागू. माझा बाप नामा कोंडाजी सुतार, राहणार दहिवली, कर्जत स्टेशनाच्या कारखान्यात डब्यांचं लाकूडकाम करणारा. एका ओळीत मी स्वतःला आणि बापालाही नवे कपडे चढवून टाकले होते.

"काढलं नाय, बदललं," मी म्हणालो. "तितं समदेच गावावरनं नाव लावत्यात."

हे खोटं होतं. ट्रेनिंगला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी हजेरी घेताना एक मास्तर थांबले होते. "सुतार का? बरं झालं. मागच्या बाकाचा पाय डुगडुगतोय, तेवढा बघ." वर्ग हसला. मी मुकाट्यानं बाक बघितला. पाचर अशी ठोकली की पुढं दोन वर्षं तो बाक हलला नाही, आणि दोन वर्षं मला कोणी नागू म्हटलं नाही. सगळे 'ए पाचर' म्हणत. परीक्षेचा अर्ज भरताना माझा हात आपोआप दहिवलीकराकडे वळला.

बा चिडला असता तर बरं झालं असतं. भांडायची तयारी करूनच मी घरी आलो होतो. पण तो चिलीम भरत बसला. आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "सांगा आता त्येला तुमच्या सायबाची गोष्ट. आळीत कुनाला सांगायची ऱ्हायली नाय, ह्येलाच सांगा."

ती गोष्ट मी पन्नासदा ऐकली होती. लहानपणी दुपारी बाची भाकरी घेऊन मी कारखान्यात जायचो. सागाच्या ताज्या भुशाचा वास यायचा, बाहेर घाट चढणाऱ्या गाडीला मागून दुसरं इंजिन लावत असायचे, आणि बा भाकरी खाताखाता साहेबाची गोष्ट काढायचा. त्या दुपारी आठवल्या की आजही मला शाळेत फळ्यापुढं उभं राहवत नाही. बाला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

गोष्ट अशी. घाटातली रेल्वे होत होती तेव्हाची, माझ्या जन्माआधीची. पळसदरीच्या वर एका पुलाच्या दगडी कमानीखाली लाकडी साचा उभा करायचा होता. कमान पुरी होईपर्यंत तो तिला खालून तोलून धरणार. कामाची घाई होती आणि त्यातच खंडेनवमी आली. त्या दिवशी सुतार आपली हत्यारं धुऊन पाटावर मांडतो, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहतो, आणि दिवसभर त्यांना कामाला लावत नाही. साहेबाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. काम बंद दिसल्यावर तो तरातरा चढण चढून आला. उंच, तांबड्या दाढीचा, मॅकिंटायर नावाचा. स्कॉटलंडचा होता, आणि त्याला इंग्रज म्हटलेलं अजिबात खपत नसे.

सगळे सुतार माना खाली घालून उभे राहिले. बा तेव्हा विशीतला, अंगात रग होती. तो पुढं होऊन म्हणाला, "सायेब, आमी सुतार. ही आमची लक्षुमी. आज तिला इसावा."

साहेबानं त्या पाटाकडं बघितलं. मग मांडी घालून खाली बसला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, मीही सुतारच. त्याच्या डोंगराळ मुलखातल्या जुन्या बोलीत 'मॅक' म्हणजे मुलगा, आणि त्यापुढचं सगळं सुताराचं. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा. घरात रंधा धरणारा त्याचा आजा शेवटचा. बाप कारकून झाला, हा इंजिनियर झाला, ती बोलीसुद्धा घरातून गेली, नाव तेवढं राहिलं. त्यानं खिशातली घडीची मोजपट्टी काढून पाटावर ठेवली. बानं तिलाही कुंकू लावलं. काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

इथपर्यंत आळीला पाठ होतं. त्या दिवशी मात्र बा पुढं बोलला, आणि ते मी कधी ऐकलं नव्हतं.

"त्येचा धाकला भाऊ व्हता. त्यो इंग्रजांच्या शेरात गेला. तितं लोक ह्या नावाला हसायचं, डोंगरातला गावंढळ म्हनायचं. मंग त्येनं राईट असं नाव घेतलं. इंग्रजीत त्ये बी कारागिराचंच म्हनं, पर कुनी हसत नाय. सायेब त्येला म्हैन्याच्या म्हैन्याला कागद लिवायचा. मी एकडाव इचारलं, वरती नाव कंचं घालता? म्हनला, राईट. त्येला जे आवडतं त्येच घालतो."

"सायबाला वाईट नाय वाटलं?"

"वाटलं आसंल," बा म्हणाला. "तेवडं लिवताना हात थांबायचा त्येचा."

एवढं बोलून तो उठला आणि गोठ्याकडं गेला. मला वाटलं, सुटलो. माझी अक्कल तेव्हा तेवढीच होती.

मी चौकला आलो. शाळेला लागूनच एक खोली मिळाली. दिवाळी झाल्यावर एका सकाळी बा दारात उभा राहिला. रात्री बैलगाडीनं निघाला होता. काखेत गोणपाटात गुंडाळलेली सागाची फळी होती. ती त्यानं उघडली. 'नागेश नामदेव दहिवलीकर.' अक्षरं उठावाची, भोवतीचं लाकूड पटाशीनं खोल काढलेलं. बाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. माझं पत्र घेऊन तो स्टेशनमास्तरांकडं गेला होता, त्यांच्याकडून नाव मोठं लिहून घेतलं होतं आणि महिनाभर संध्याकाळी बसून ते कोरलं होतं. वेलांट्या इतक्या डौलदार होत्या की माझ्या हातून तशा फळ्यावरही कधी आल्या नाहीत.

"सरळ दिसतंय का बघ रं," पाटी दारावर धरून बा म्हणाला. "माझ्या डोळ्याला आता फरक कळत नाय."

पाटी सरळच होती. तो शेवटचा खिळा मारत होता तेवढ्यात हेडमास्तर आणि शाळा तपासायला आलेले डेपुटी अंगणात आले. डेपुटी पाटीपाशी थांबले. अक्षरांवरून बोट फिरवून म्हणाले, "वा! सुरेख काम. दहिवलीकर, कोण हा सुतार?"

मी बाकडं बघितलं. गुडघ्यापर्यंत धोतर, विटलेलं मुंडासं, मिशीत भुसा. वर दारावर ते नाव. खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

"कर्जतचा आहे एक," मी म्हणालो.

बाची हातोडी हवेतच राहिली. मग त्यानं ती सावकाश खाली ठेवली आणि डेपुटींना रामराम केला. "व्हय सायेब. रेल्वेत असतो. मास्तरांचं काम व्हतं, म्हून आलतो."

"आम्हालाही अशी एक करून दे. नाव काय तुझं?"

"नामा कोंडाजी सुतार," बा म्हणाला. इतकं स्वच्छ, मोठ्यानं, की ओटीवरची पोरंसुद्धा वळून बघायला लागली.

डेपुटी शाळेत गेले. हेडमास्तर त्यांच्यामागून गेले. बा हत्यारं एकेक करून पिशवीत भरू लागला. मी मेलो असतो तर बरं, असं मला त्या वेळी वाटलं, आणि अजूनही कधीकधी वाटतं.

"वल्ल्या फडक्यानं पुसू नगंस," तो पाटीकडं बघत म्हणाला. "वर्साला त्याल लाव."

पिशवी खांद्याला लावून तो रस्त्याला लागला. अंगण ओलांडून त्याला गाठायला मला दहा पावलं पुरली असती.

"दहिवलीकर!" आतून डेपुटींनी हाक मारली.

"आलो साहेब," मी म्हणालो, आणि वर्गात गेलो.