जांभळ्या रेघेच्या खाली

डॉक्टर श्यामसुंदर लिफ्टमध्ये शिरत होते, तेव्हाच मी दारात पाय घातला. कडेवर आठ महिन्यांची जान्हवी.

"कुठे निघालात?"

"चेंबूरला पेशंट आहे, मॅडम. दोन तासांत येतो."

"आणि आत माझा नवरा आहे तो कोण?"

मुलुंडच्या या क्लिनिकमध्ये सकाळी यांनीच निलेशच्या डोक्यावर जांभळ्या पेनाने रेघा मारल्या. पुढे टकलावर केस लावायची हद्द, मागे केस घ्यायचा पट्टा. हसत हसत सांगितलं, "पूर्वी झुपके लावायचे, बाहुलीच्या डोक्यासारखे. मग मागची कातडीची पट्टीच कापायला लागले, कानापासून कानापर्यंत व्रण. आता मी एकेक मूळ सुटं काढतो. मिलिमीटरहून बारीक भोक."

'मी काढतो.' नीट ऐकलंय मी.

आणि मघाशी दाराच्या काचेतून बघते तर केस काढायचं मशीन टेक्निशियन माधुरीच्या हातात. भोकं रेघ ओलांडून पार मानेपर्यंत. दार ढकलून विचारलं, तर म्हणाली, "सर लाइन आखून देतात, काढतो आम्हीच. तीन हजार मुळं सांगितलीत ना! पट्ट्यात नाही पुरत, मग खाली उतरावं लागतं."

मागून काढलेला केस तिथे परत येत नाही. मानेजवळचा तर पुढे गळूनही जाऊ शकतो. मग रेघ काय शोभेला मारली?

"माझी टीम तयार आहे, मॅडम," डॉक्टर लिफ्टमधूनच म्हणाले.

"मग सकाळी हसायलाही टीमलाच पाठवायचं!"

"आता थांबवलं तर काढलेली चौदाशे मुळं वाया जातील. बघा, तुम्हीच ठरवा."

धमकीच ती. जान्हवीला रिसेप्शनवरच्या नलिनीताईंकडे दिलं आणि तरातरा आत गेले. डॉक्टर मागोमाग. "मॅडम, चप्पल!" माधुरी ओरडली. चप्पल दाराबाहेर भिरकावली.

निलेश पालथा, तोंड टेबलाच्या भोकात. मी टेबलाखाली उकिडवी बसले.

"काय गं? कसला आवाज चाललाय? सर चिडतील ना."

"सर चिडतील? अरे, तुझी मान सोलतायत! कळलं नाही तुला?"

"मानेत सुया टोचल्या तेव्हा वाटलं जरा... पण म्हटलं, त्यांना माहीत असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"मध्येच कसं बोलणार यार? डोकं त्यांच्या हातात."

ऑफिसातली पोरं 'काका' म्हणतात म्हणून दोन वर्षं माझं डोकं खाल्लं याने. आणि स्वतःच्या मानेसाठी तोंडातून एक शब्द नाही! डॉक्टरला आणि याला, दोघांनाही बदडावंसं वाटलं मला.

"डोकं तुझंय. मी नाही सांगणार. तू सांग, आत्ता."

 तो फरशीकडे बघतच म्हणाला, "सर, आणखी काढू नका. आहेत तेवढीच लावा. पण तुम्ही लावा."

"निलेश, चेंबूरचा पेशंट..."

"तुम्हीच लावा, सर!"

डॉक्टरांनी माधुरीकडे पाहिलं. तिने मशीन खाली ठेवलं. मग नळ सुरू झाला, हात धुतल्याचा आवाज आला. निलेश म्हणाला, "जा आता. जान्हवी रडेल."

मी हलले नाही. डॉक्टर स्टुलावर बसेपर्यंत तिथेच टेबलाखाली बसून राहिले.