उकंडादाच्या बाजूची काच

पहिलेच सांगून ठेवतो, मोटारीच्या काचेत तेल सोडनारा मानूस मले डोयापुढं नको. पांढरकवड्यात माह्यं गॅरेज आहे आनि इकडच्या लोकायची खोड मले पाठ आहे. दार करकरलं, सरकीचं तेल. सायकल अडली, सरकीचं तेल. पोराचं डोकं दुखलं, तरी तेच. जिकडं तिकडं सरकी, मंग दुसरं सुचनार कसं!

उकंडादाची फियाट त्यातलीच. उकंडादा म्हंजे जिनिंगच्या मालकाचे ड्रायव्हर. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगले कुलूप लागलं, मालक गाव सोडून गेला आनि शेडमधी पडलेली जुनी गाडी त्यायले देऊन गेला. जिनिंगच्या आवारात जलमभर रुईची धूळ खाऊन त्यायची छाती कामातून गेलती. पन गाडीवर लय जीव! इंजन मी उभं केलं, गाद्या बाजूच्या दुकानातल्या जमीरनं शिवल्या, रंग लागला. राह्यल्या काचा. चारही जाम.

त्या साली दीक्षेले पन्नास वर्सं होत होते. छप्पन साली उकंडादा बापाच्या खांद्यावर बसून नागपूरले गेलते. आता म्हने याच गाडीत जाईन. पोरगा विक्की चालवीन, मी बाजूले बसीन. पन बंद काचेत त्यायचा जीव घाबरे. ट्रक पुढं आला का धुळीसाठी काच लावा, ट्रक गेला का लगेच उघडा.

"माही काच माह्या हातानं उघडली तरच येतो," ते म्हनले. "दर खेपी लेकाले उघड रे, लाव रे म्हनत जाऊ काय? ड्रायव्हर मानूस आहो मी."

मी काच फिरवाचं हँडल काढलं, दाराचा आतला पुठ्ठा काढला, आत हात घातला आनि शिवीच हासडली. काच ज्या कापडी पट्टीतून सरकते, तिच्यात तेल, धूळ आनि रुई मिळून डिंकावानी थर झालता.

"कोन्या गाढवानं तेल टाकलं इथं?"

"गाढव बाकावरच बसलं आहे," उकंडादा म्हनले. "दर दसऱ्याले गाडी धुतली का सरकीचं तेल सोडतो. मालक म्हने, वा रे उकंडा!"

"मंग मालक तुमच्याहून मोठा गाढव!"

त्यायची बायको, प्रभावतीवयनी, खुदकन हसल्या. "सांगा त्यायले, भाऊ. माह्या डोक्याले तेल नसे, पन दाराले असे."

उकंडादाही हसले आनि हसता हसता त्यायले असा खोकला लागला का मी पान्याचा गिलास घेऊन धावलो.

जुन्या पट्ट्या उपसून फेकल्या. खाचा रॉकेलनं धुतल्या, नव्या पट्ट्या बसवल्या. त्यायले तेलाचा थेंब नाही, लेकरायले लावतेत ती पावडर लावली. ग्रीस फक्त आतल्या मशीनच्या दात्यायले.

"वयनी, फिरवून पाहा."

वयनीनं दोन बोटानं हँडल फिरवलं. काच सरसर खाली गेली, तशीच वर आली. म्हनलं, जमलं बाप्पा!

निघायच्या दिवशी सकायी सारे गॅरेजवर आले. उकंडादा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बाजूच्या सीटवर बसले आनि मोठ्या रुबाबात हँडल धरलं. एक फेरा झाला. दुसरा अर्ध्यात थांबला. छाती भात्यावानी हलून राह्यली होती. दम घेतला, पुन्हा जोर लावला. काच बोटभर उतरली, बस.



"राहू दे," ते म्हनले. "काच नाही रे अडली, कय्युम. मीच अडलो. तुमी जाऊन या." आनि दार उघडाले लागले.

माह्यं डोकंच फिरलं. "उतरू नका! मिस्त्री तुमी का मी? आतमधी दाता उलटा बसवला मी घाईत. माही चूक आहे, तुमी कायले मधात नाक खुपसता?"

त्यायले काही बोलू न देता पुठ्ठा खोलला, काच सोडवली आनि उपसून बाहेरच काढली. "दात्याचं मशीन नवं लागते, आज दुकानं बंद. बिनकाचेचे जा. धूळ आली का तोंडाले ओला रुमाल धरा."

उकंडादानं माह्याकडं टक लावून पाह्यलं. मंग भडकले. "कसला मिस्त्री रे तू? इतके दिवस दार फाडून बसला आनि दाता उलटा? आं?"

"उलटा! झाली चूक, आता फाशी देता काय?"

मी काच काखोटीले मारली. मांगच्या सीटवर बसता बसता वयनीनं आधी काचेकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. ती काच त्यायनं स्वतः दोन बोटानं उतरवली होती. "जय भीम, भाऊ," एवढंच म्हनल्या. खोटं कायले सांगू, माहे डोये भरून आलते.

विक्कीनं गाडी काढली. उकंडादानं कोपर दारावर टेकवलं, डोकं बाहेर काढलं आनि पार रस्त्याले लागेलोक मले दम देत राह्यले. "परत आलो का काच बसवून घेईन! सोडत नाही तुले!"

"पहिले धड परत तर या," मी वरडलो, "मंग पाहू."