माझी झिजलेली कड

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. कपडे शिवण्याच्या कारखान्यात, साहेबांच्या टेबलासमोर मी वीस वर्षं काढली. सुताराने मला सागवानी, ऐसपैस हातांची केली आणि पाठ थोपटून म्हणाला, "हिच्यावर बसेल तो राजा!" बिचारा कधी साहेबांसमोर बसलेला नव्हता.

पुरुष आले की पाठ टेकत, माझे दोन्ही हात अडवत, पाय पसरत. बोलणं पटलं तरच मान हलवत. बायका पुढच्या कडेवर टेकत आणि आपलं लक्ष आहे हे कळावं म्हणून मान हलवत राहत. माझे हात पुरुषांनी गुळगुळीत केले, पुढची कड बायकांनी झिजवली. खोटं वाटत असेल तर बोट फिरवून बघा.

काजबटण विभागातली ताई अठरा वर्षं तिथे राबत होती. सुपरवायझरची जागा रिकामी झाली, तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं. ती बसली खरी, पण तिचं निम्मं वजनही माझ्यावर नव्हतं.

"ताई, धावपळीचं काम आहे हे," साहेब म्हणाले. ताईने मान हलवली.

"तुम्हाला घरदार, मुलंबाळं." पुन्हा मान हलली.

"त्यापेक्षा तुम्ही शिकवून तयार केलेल्या त्या पोरालाच देऊ या. काय?"

मान हलली, चेहऱ्यावर हसूही होतं. टेबलाआड मात्र तिने माझी कड इतकी आवळली होती, की नखं रुतली. ते फक्त मला कळलं.

"पण साहेब, मला..."

साहेब उठलेही होते. "चला, तुम्हालाही पटलं. बरं झालं!"

दोन वर्षांनी जागा पुन्हा रिकामी झाली. या वेळी ताई ठरवून आली. तिने पाठ टेकली, कोपरं माझ्या हातांवर ठेवली, उगाच मान हलवली नाही. "ही जागा मला हवी आहे," ती सरळ म्हणाली. माझा ऊर भरून आला.

ती गेल्यावर साहेब कारकुनाला म्हणाले, "बाई फार चढून गेल्यात हो. माणसं काय सांभाळणार?" अगदी तसाच बसलेला एक गृहस्थ सकाळी त्यांना रुबाबदार वाटला होता. जागा त्यालाच मिळाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ताईची गत झाली.

आता माझा एक पाय डुगडुगतो, म्हणून मला काजबटण विभागात टाकलं आहे. मित्रांनो, एखाद्या बाईने मान हलवली तर "पटलं का?" असं एकदा तोंडाने विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढंच मागणं आहे. ते कुणी ऐकेल, अशी आशा मला उरलेली नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर जातात. ताई डबा घेऊन माझ्यावर बसते. समोर टेबल नसतं, साहेब नसतात, कुणीच नसतं. तरीही ती पुढच्या कडेवरच बसते.