एक तृतीयांश गोळी

घरच्या कुत्र्याच्या, भोपळ्याच्या, पाकिटात सात गोळ्या होत्या. दहातल्या तीन गेलेल्या, दिवसाला एक, बरोबर. बाबांच्या गुडघेदुखीच्या पाकिटात मात्र अकरा हव्या होत्या आणि होत्या दहा. शेजारी सुरी, तिच्या पात्याला पांढरी पूड.

धाकटीने पुन्हा मोजल्या. दाराशी भोपळ्याची शी पडली होती, डांबरासारखी काळी, चिकट. काळी म्हणजे पोटात पचलेलं रक्त, हे तिला पुस्तकातून पाठ होतं. कालही तशीच होती. काही अरबट-चरबट खाल्लं असेल म्हणून काल तिने ती निमूट पुसली होती.

"बाबा, भोपळ्याला तुमची गोळी दिलीत?"

"तुकडाच गं. त्याची दुखण्यावरची गोळी चालू असूनही जिन्यात कण्हतो बिचारा. मी सहासष्ट किलो, तो बावीस. रोज एक तृतीयांश. तूच नाही का म्हणालीस, डोस वजनावर ठरतो?"

म्हणाली होती. जेवताना, मोठ्या रुबाबात.

"कधी देत होतात?"

"सकाळी फिरायच्या आधी. रिकाम्या पोटी लवकर लागू पडते ना!"

दवाखान्यात भोपळ्या टेबलावर नुसता पडून राहिला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या फिकट हिरड्या पाहिल्या, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.४, बाराच्या वर हवं.

"अशा दोन वेदनाशामक गोळ्या एकत्र कधीच नाही, पोटात जखम होते. माणसाची तर नाहीच. आणि जी द्यायची ती खाणं झाल्यावर. कोणी दिली?"

"मी," बाबा म्हणाले.

"चांगले शिकलेले दिसता. मुक्या जिवावर प्रयोग कसले करता?"

बाबांनी मान खाली घातली. धाकटी भिंतीवरचा वजनांचा तक्ता वाचत राहिली. गप्प बसणं फार सोपं होतं. तक्ता वाचून संपला.

"गणित माझं होतं," ती म्हणाली. "कुत्र्याच्या शरीरातून हे औषध माणसासारखं बाहेर पडत नाही, हे न वाचताच मी अक्कल पाजळली. आणि काळी शी मी कालच पाहिली होती."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे रक्त कालपासून जातंय," डॉक्टरीणबाई सलाइन लावत म्हणाल्या. "दोन्ही गोळ्या बंद. पोटासाठी इंजेक्शन देते. आकडा सहाखाली गेला तर रक्त चढवावं लागेल. मग मात्र खात्री देत नाही."

दोन दिवस धाकटी त्याला चमच्याने पातळ भात भरवत होती. पहिल्या दिवशी त्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सहा चमचे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त घेतलं. हिमोग्लोबिन ७.४ वरून ७.९ झालं होतं.