मी गिळलेलं गाणं

हसू नका, मी अंड्यांचा ट्रे बोलतोय. रद्दीच्या लगद्यातून जन्मलो, अंगावर तीस खळगे. इंडोनेशियातल्या बांडुंग शहराच्या बाजारात कोकोमताईंच्या दुकानात अंडी सांभाळायची, एवढंच माझं आयुष्य. तिथेच भिजून, कुजून संपलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

एके दिवशी यायान आला. खांद्यापर्यंत केस, बोटांना गिटारच्या तारांनी पडलेले घट्टे.

"ताई, रिकामे ट्रे द्या ना."

"रिकामे कुठले आणू? अंडी ने, खा, मग ट्रे तुझेच."

त्याच्या रॉक बँडने तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ अंडीच खाल्ली. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळाकडे बघत गावं लागतं, म्हणून यायानच्या घरामागच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ उभा राहत होता. घाई होती ती रेंगानिससाठी. बँडची गायिका ती. तिच्या गळ्यात गाठ झाली होती. शुक्रवारी ऑपरेशन, आणि नंतर गाता येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी आठ गाणी रेकॉर्ड करायची होती.

आवाज घुमू नये म्हणून आम्हाला भिंतीवर चिकटवताना रेंगानिस हातात खळीचा ब्रश घेऊन मोकळ्या गळ्याने गायली. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"अरे, फोनवर तरी घेऊन ठेव," ड्रम वाजवणारा ओमान म्हणाला.

"गप रे. भिंती अर्ध्या उघड्या, आणि फोनच्या डबड्यात गाणं घेतोय म्हणे. अल्बम म्हणजे अल्बम," यायान म्हणाला. "आणि तूही गळा जप, रेंगानिस. बुधवारी रेकॉर्डिंगला लागेल."

शेवटचा ट्रे लागला. यायानने टाळी वाजवली. ती घुमली नाही.

"झालं. आता बाहेरचा आवाज आत येतोय कशाला."

माणसांचं हे असंच. एक जमलं की दुसरंही जमलं असं धरून चालतात. आतला घुमारा मी शोषतो, बाहेरचा आवाज माझ्यासारख्या पुठ्ठ्याने कसा अडणार? पण मला विचारतो कोण?

बुधवारी पहिलं कडवं सुरू झालं आणि गल्लीत बाक्सोवाल्याची, म्हणजे मांसाच्या गोळ्यांचं सूप विकणाऱ्याची, गाडी आली. गिऱ्हाइकांना कळावं म्हणून तो बांबूवर टोक-टोक करतो. ते थेट माईकमध्ये शिरलं. पुन्हा सुरुवात. मग शेजारची मोटारसायकल. पुन्हा सुरुवात. सातव्या वेळी रेंगानिसचा आवाज चिरकला, आणि मग नुसती हवा आली.

"पाणी पी. थोडं थांबू," यायान म्हणाला.

"आता थांबून काय होणार?" ती कशीबशी कुजबुजली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. गाठ गेली, गाणंही गेलं. यायान त्यानंतर या खोलीत फिरकलेला नाही. मला बुरशी धरली आहे, एक कोपरा भिंतीपासून सुटलाय.

एवढंच सांगतो. जिवाभावाच्या माणसाचा आवाज जसा मिळेल तसा आजच घेऊन ठेवा, भिंतींचं मागाहून बघा.

काल रेंगानिस एकटीच आली होती. माझ्याजवळ तोंड आणून तिने एक ओळ गायचा प्रयत्न केला. श्वासच निघाला फक्त. मी तोही शोषून घेतला. मला दुसरं काही येत नाही.