दिवसाला एकोणतीस ग्रॅम

काट्याची सुई थरथरायची थांबली, तेव्हा सासऱ्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि आकडा वाचला. "तीन किलो दोनशे तीस."

झोळीत महिनाभराची नात हातपाय झाडत होती. स्वतःच्या वजनाशी तिला काही देणेघेणे नव्हते. सासऱ्यांनी भिंतीवरच्या आलेखाच्या कागदावर टोकदार पेन्सिलीने ठिपका दिला आणि पट्टी लावून तो आधीच्या ठिपक्याशी जोडला. रेघ जवळजवळ आडवीच पडली.

"मागच्या खेपेला तीन किलो एकशे तीस होतं. चौदा दिवसांत शंभर ग्रॅम, म्हणजे दिवसाला सात," ते म्हणाले. "पंचवीस ते तीस हवेत."

सुनेने बाळाला उचलून छातीशी धरले. सात हा आकडा तिला थोबाडीत बसल्यासारखा लागला.

सासरे पंपाच्या कारखान्यातून टूलरूमचे फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना फोरमन म्हणत, आणि राग आला की सासूबाईही म्हणत. सून त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात होती. पिस्टनचे दांडे केसभर कमीजास्त भरले तरी ती परत पाठवी, म्हणून कारागिरांनी तिचे नाव मायक्रॉन ठेवले होते. आठव्या महिन्यापर्यंत ती पोट सांभाळत स्टुलावर बसून गेज लावत होती आणि त्याचा तिला अभिमान होता. बाळंतपणाने मात्र तिचा तो ताठा पहिल्या आठवड्यातच उतरवला. टाके ओढत होते, छाती दगडासारखी झाली होती, बाळ तोंड लावी आणि तिच्या डोळ्यांत पाणी येई. शेवटी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने घरी येऊन, तिच्या पाठीमागे उशी सारून, बाळाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंत कसे थांबायचे ते चार वेळा करून दाखवले. पाचव्या वेळी तिचे तिला जमले. तेव्हापासून दूध पाजणे ही या घरातली तिची एकटीची, कमावलेली गोष्ट होती.

आणि आता काटा सांगत होता की तीही तिला जमलेली नाही.

तो काटा फोरमननी कारखान्याच्या भंगारातून मागून आणला होता. त्यांनी तो उघडला, घासला, स्प्रिंगला तेल दिले आणि ओसरीच्या तुळईला टांगला. शून्य लावून झाल्यावर शून्याच्या स्क्रूवर लाल रंगाचा थेंब सोडला. टूलरूममध्ये लाल थेंबाचा अर्थ एकच: हे तपासून झाले आहे, कोणी हात लावायचा नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी तो थेंब पाहिला की पुढचा प्रश्न विचारला नसता. सुनेनेही विचारला नव्हता.

"मी सिस्टरना फोन केला," नवरा आत येत म्हणाला. त्याच्या हातात दुधाच्या पावडरीचा डबा होता. "केंद्र मंगळवारी उघडतंय. बाळ नीट पितंय का, लंगोट ओले होतायत का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, होतायत. मग म्हणाल्या, मंगळवारी या, बघू."

"मंगळवारपर्यंत अजून चौदा ग्रॅम," फोरमन म्हणाले. "आज दुपारपासून वरचं दूध सुरू करू."

"बाबा, मला वाटतं, आपण मंगळवारपर्यंत..."

"सूनबाई, वाटण्यावर वजन वाढत नाही."

नवऱ्याने डबा टेबलावर ठेवला. "अगं, तुला कोणी दोष देतंय का? माप काय सांगतंय ते आपण बघतोय."

तिला तेच झोंबले. दोष दिला असता तर भांडता आले असते. मापाशी भांडायचे कसे? गेली सहा वर्षे तीच कारागिरांना हे वाक्य ऐकवत आली होती.

सासूबाई बाटली उकळायला ठेवून बाहेर आल्या. "डबा लागला तर लागला, त्यात पाप नाही काही. हा तुझा नवरा डब्यावरच वाढलाय. पण पोर रडत नाही, चिडत नाही, पिऊन तर्र होऊन झोपते. माझं मेलं मन घेत नाही."

"तुझं मन कुठल्या कंपनीचं?" फोरमननी विचारले. "त्याला शून्य कुठे लावतात?"

"पोरीच्या तोंडाकडे बघून," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या काट्याला ती सोय नाही."

एरवी सून हसली असती. ती बाळाला घेऊन खोलीत आली आणि पलंगावर बसली. दूध ओढताना बाळाचा गाल हलत होता, घशातून गिळल्याचा बारीक आवाज येत होता. तिने ते नेहमीसारखे ऐकले आणि तिला रडू कोसळले. काही वेळाने अंगावरून वाहणारे दूध पुसायला तिने बाळाचे झबले वर करायला घेतले. ते वर जाईना. बाही दंडावर रुतून बसली होती. हेच झबले पंधरा दिवसांपूर्वी बाळाच्या अंगावर टांगल्यासारखे दिसे.

रडणे थांबवून तिने ती बाही दोन बोटांत धरली.

दिवसाला सात-आठ ओले लंगोट. दंडात रुतणारी बाही. आणि सात ग्रॅम. तपासणी विभागात दोन साधने अशी एकमेकांविरुद्ध बोलू लागली, तर ती नग बाजूला ठेवत असे आणि आधी साधन तपासत असे. नव्या मुलींना पहिल्या दिवशी ती हेच शिकवी. आज हे तिला सुचलेच नाही, कारण आज नगाच्या जागी ती स्वतः उभी होती, आणि आपण कमी भरणार अशी धास्ती तिला पहिल्या आठवड्यापासून होतीच.

झोपलेले बाळ तिने सासूबाईंच्या मांडीवर दिले. "आई, मिठाची न फोडलेली पिशवी आहे का? किलोची?"

"दोन आहेत. का गं? दृष्ट काढतेस काट्याची?"

"तसंच समजा."

ओसरीत कोणी नव्हते. तिने मिठाची पिशवी झोळीत ठेवली आणि सुई थांबायची वाट पाहिली. सुई सहाशे नव्वदवर थांबली. तिने दुसरीही पिशवी ठेवली. एक किलो सहाशे नव्वद. पिशव्या काढल्या, तर सुई शून्यावर निमूट उभी. तिने पायाखाली स्टूल घेतले, टाके ओढताहेत याकडे लक्ष न देता वर चढली आणि तबकडीजवळ डोळा नेला. शून्यापाशी एक बारीक पिन होती. सुई तिला टेकून उभी होती. पिन नसती तर ती शून्याच्याही बरीच मागे गेली असती.

"स्क्रूला हात लावलास?" मागून फोरमनचा आवाज आला.

"नाही बाबा. थेंब बघा, तसाच आहे." ती खाली उतरली. "बाबा, शून्य लावलं तेव्हा काट्याला झोळी कुठली होती?"

"माझी. कॅनव्हासची. दोन लाकडी दांड्यांची." वाक्य संपेपर्यंत त्यांचा आवाज खाली आला होता. ते काट्याकडे, मग मऊ धोतराच्या झोळीकडे पाहत राहिले. कॅनव्हासची कड बाळाच्या मानेला घासते म्हणून पहिल्या वजनानंतर सासूबाईंनी ती झोळी माळ्यावर टाकली होती आणि जुन्या धोतराची शिवली होती. फोरमनना ते ठाऊक होते. झोळीची शिवण तपासून त्यांनी पसंतीही दिली होती. लाल थेंब जागेवर होता, त्यामुळे शून्यही जागेवर असणार, एवढे ते धरून चालले होते.

ते माळ्यावर चढले. कॅनव्हासची झोळी आली, तीत मिठाची पिशवी बसली, आणि सुई एक किलोवर जाऊन थांबली.

"तीनशे दहा ग्रॅम," सून म्हणाली. "दोन झोळ्यांतला फरक. मऊ झोळी तेवढी हलकी, म्हणून आजच्या वजनातून तेवढे कापले गेले."

"बाळाला आणा," फोरमन म्हणाले.

सासूबाईंनी कॅनव्हासवर पातळ रुमाल अंथरायला घेतला. फोरमननी तो काढून घेतला, आणि या वेळी कोणी वाद घातला नाही. नवराही येऊन उभा राहिला. सुई फिरली, डुलली, स्थिर झाली.

"आकडा तू वाच," फोरमन सुनेला म्हणाले.

"तीन किलो पाचशे चाळीस."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कागद न घेता तळहातावरच भागाकार केला. एरवी दुसऱ्या कोणी असे केले असते तर त्यांनी त्याला सोडले नसते. "चारशे दहा भागिले चौदा. दिवसाला एकोणतीस." त्यांनी पुन्हा केला. "एकोणतीस."

"म्हणजे पोर उपाशी नव्हती," सासूबाई म्हणाल्या. "फोरमन उपाशी होते. अकलेचे."

"झोळी कोणी बदलली?"

"मी बदलली. मी काय टूलरूममध्ये होते?"

फोरमन आत गेले आणि बारीक पेचकस घेऊन आले. तो त्यांनी सुनेच्या हातात दिला. "माझा शिक्का आहे, पण तो मोडायचा अधिकार तपासणाऱ्याचा. मऊ झोळी टांग आणि शून्य लाव." मग तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, "आणि सूनबाई, सकाळी मी जे बोललो, ते वाईट बोललो. मी आधी काटा तपासायला हवा होता. मी तुला तपासलं."

तिने स्क्रू फिरवला. लाल रंगाचा टवका उडून फरशीवर पडला. सुई पिनेपासून सुटली आणि नेमकी शून्यावर आली.

मंगळवारी केंद्रात चौघेही गेले, पाचवी कुशीत. सिस्टरने बाळाला उघडे करून आपल्या काट्यावर ठेवले आणि कार्डावर आकडा लिहिला: तीन किलो सहाशे.

"छान भरलंय. वरचं काय देता?"

नवऱ्याने तोंड उघडले, पण सासूबाई आधी बोलल्या. "काही नाही. तिच्या आईचंच दूध. पहिल्या दिवसापासून."

"फोनवर तर घाबरवलंत मला," सिस्टर म्हणाली. "दिवसाला सात ग्रॅम कोण म्हणत होतं?"

"मी," फोरमन म्हणाले. "चूक माझी होती. हिने पकडली." शेजारच्या बाकावरचे लोकही वळून बघतील एवढ्या मोठ्याने ते हे बोलले, आणि पुन्हा एकदा, सावकाश बोलले.

सिस्टरने सुनेचे टाके तपासले, झोप किती होते ते विचारले, जेवण कसे आहे ते विचारले. सुनेने खरे ते सांगितले: परवा घास गिळवत नव्हता, आज सकाळपासून मात्र नुसते खावेसे वाटते आहे. सिस्टर म्हणाली, मग इथे कशाला बसलीस.

घरी येताना महिन्यात पहिल्यांदाच ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. बाळ खांद्यावर गाढ झोपले होते. पिशवी सांभाळत नवरा मागून म्हणाला, "अगं, हळू. टाके आहेत ना?"

"टाके भरले. सिस्टर म्हणाल्या." तिने वळूनही पाहिले नाही. "पाय उचला सगळ्यांनी. मला भूक लागलीय."